हलगीवर चढलेलं नाव

"नाव नीट वाच पोरी. हलगीला चुकीचं नाव चालत न्हाई. कागद फाडता येतो, एकदा वाजलेली हलगी कशी फाडशील?"

बापू आवळ्यांचा हा आवाज. त्याला तेहतीस वर्षं झाली. बापू जाऊनही आता नऊ वर्षं झाली. पण दुपारी जरा डोळा लागला की हा आवाज उशाशी येऊन बसतो आणि मग कूस बदलण्यात दुपार जाते.

त्या सकाळी आम्ही बापूंच्याच दारात उभे होतो. मार्चचा पहिला आठवडा, आठ वाजताच खालच्या गल्लीतले पत्रे तापायला लागलेले. यादी माझ्या हातात होती आणि पहिलंच नाव वाचताना माझी जीभ अडखळली होती.

"बापू, पुढच्या घरापासून सुरुवात करू या का?"

"का? काय लिवलंय?"

"किसन सखाराम आवळे."

"मग बरोबर हाय की. माझ्या बापाचं नाव सखारामच हुतं." त्यांनी चुलीतलं जळतं चिपाड ओढलं आणि हलगी त्यावर धरून तापवायला लागले.

हौसाबाई, त्यांची बायको, भांडी घासता घासता उठली. "अवो, डोकं फिरलं का? सोताच्याच दारात वाजीवता व्हय?"

"गावभर वाजवायची आन् आपलं दार तेवढं वगळायचं? मग ती हलगी कसली, कटोरा झाला त्यो."

मी तेव्हा सोनवड नगरपालिकेच्या वसुली विभागात रोजंदारीवर होते. नोटिसांना कुणी दाद देईना, तेव्हा नवे मुख्याधिकारी मेढेकरसाहेब यांनी गावातली जुनी रीत पुन्हा काढली होती. ज्याची घरपट्टी थकली, त्याच्या दारात हलगी वाजवून त्याचं नाव तीनदा पुकारायचं. त्याला गावात 'नाव चढवणं' म्हणत. पैसे भरले की त्याच दारात वेगळ्या ठेक्यात वाजवून ते नाव उतरवायचं. वाजवणार बापू. रजिस्टरातून नाव काढून चिठ्ठी लिहिणार मी. आईच्या ओव्या ऐकून ऐकून मला यमकं जुळवायची खोड लागली होती, म्हणून चिठ्ठीवर नावाखाली दोन ओळी रचून द्यायचं कामही माझ्याकडेच आलं होतं.

बापूंच्या चिठ्ठीवर मात्र मी संकोचानं काहीच लिहिलं नव्हतं. त्यांनी स्वतःचं नाव पुकारलं आणि उभ्या उभ्या आपणच जोडलं:

"दुसऱ्याच्या दारात वाजवी हलगी, आपलं दार इसरला
किसन आवळ्या, पट्टी भर, तुझाच पाय घसरला!"

गल्ली हसली. हौसाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. बापूंनी आदल्या दिवशी उचल घेतलेली मजुरी माझ्या हातावर ठेवली, पावती घेतली, नाव उतरवलं, आणि वाटेला लागल्यावर मला म्हणाले, "ओळ न्हाई लिवलीस."

"तुमची थट्टा कशी करू बापू?"

"येडी हाईस. ओळ म्हंजे थट्टा न्हाई, पांघरूण असतंय. लोकं ओळीला हसत्यात, मान्साला न्हाई. नुसतंच नाव पुकारलं तर मानूस भर रस्त्यात उघडा पडतोय. ध्यानात ठेव."

मी मान हलवली. ध्यानात राहिलं. तेच तर नडलं.

त्या आठवड्यात आम्ही गाव पालथं घातलं. कापडवाले, डॉक्टर, दूध डेरीचे चेअरमन. कुणी दार लावून घेई, कुणी आधीच पैसे घेऊन कोपऱ्यावर आम्हाला गाठे, "बाई, चढवू नका, तुमच्या पाया पडतो." आणि प्रत्येक दारात, पैसे मोजता मोजता, माणूस एकच विचारी:

"आणि तळ्याकाठच्या बंगल्यावर कधी?"

तळ्याकाठचा बंगला म्हणजे आमदार भगवंतराव इंगवले, आमचे तात्यासाहेब, यांचा. दुमजली, पुढे लांबरुंद ओसरी, रोज सकाळ-संध्याकाळ तिच्यावर माणसांची रीघ. तात्यासाहेबांचं एक वाक्य गावाला पाठ होतं. प्रत्येक सभेत शेवटाला ते येई: "ह्या गावात माझ्या नावावर एक कौलसुद्धा नाही! गाव हेच माझं घर!" टाळ्यांचा कडकडाट होई. बंगल्याला स्लॅब आहे, कौल कुठून असणार, असं आमचा शिपाई हळूच म्हणे.

नगरपालिकेचा एक जुना ठराव होता. विद्यमान आमदाराच्या ओसरीवर लोकांची बैठक भरते, तेव्हा त्याच्या स्वतःच्या नावावरच्या राहत्या घराला निम्मीच घरपट्टी. तात्यासाहेब ती निम्मी दरसाल वेळेवर भरत. थकबाकीच्या यादीत नाव येण्याचा प्रश्नच नव्हता.

आमचे हेडक्लार्क जंगमकाका चहाच्या वेळी बापूंना समजावत. "अरे किसन, आमदार म्हणजे गावाचं देऊळ. देवळाला कुठं घरपट्टी असते?"

"देवळातला देव माडीवर पंखा लावून झोपत न्हाई काका."

"लोकांचा राबता असतो त्यांच्याकडे."

"माझ्याकडं बी असतोय. मयत झालं तरी माझ्याच दारात येत्यात, लगीन असलं तरी माझ्याच दारात येत्यात. मला किती सूट हाय? जो कायदा करतोय त्यानं निम्मं भरायचं, आन् जो ऐकतोय त्यानं पुरं? वाढप्यानं आधी जेवून घ्यावं आन् पंगतीला खरकटी काढायला लावावं, तसं झालं हे."

काका बशीत चहा ओतत. मी हसत असे. तोवर मला हसायला काही अडचण नव्हती.

गुरुवारी साहेबांनी आत बोलावलं. "कोळेकर, तळ्याकाठच्या बंगल्याचं पान काढा. नाव कुणाचं लागलंय बघा."

मी रजिस्टर उघडलं, बोट फिरवत आले आणि थांबले. "सौ. रत्नप्रभा भगवंतराव इंगवले."

क्षणभर मलाच कळेना ही कोण. मग कळलं. वहिनी. आख्खं गाव ज्यांना वहिनीसाहेब म्हणे त्या. लग्न होऊन ह्या गावात आल्या त्या दिवसापासून त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या आणि माझी आई एका गावच्या. एका जात्यावर दोघींनी दळलेलं. आमच्या घरी बाप गेल्यावर वहिनींनीच शब्द टाकून मला नगरपालिकेत चिकटवलं होतं.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "वाटलंच होतं. घर बायकोच्या नावावर ठेवलं, म्हणजे भाषणातलं कौल खरं राहिलं. आणि सवलत मात्र स्वतःच्या नावावर घेतली. घर स्वतःचं नाही, म्हणजे सवलत लागूच नाही. अकरा वर्षांचं निम्मं थकलंय. उद्या दहा वाजता हलगी तिथं."

"साहेब, आधी घरी कळवलं तर..."

"तीन नोटिसा गेल्यात. तिन्हींची पोच आहे."

मी पोच पाहिली. तिन्हींवर तात्यासाहेबांच्या पी.ए.ची सही होती.

"म्हणजे हलगीत नाव वहिनींचंच लागणार?"

"रजिस्टरात जे, तेच. नियम तुमच्या बापूंनीच सांगितलाय ना?" त्यांनी समोरच्या हिरव्या फायलीवर हात ठेवला. त्या फायलीत काय आहे ते ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. रोजंदारीवरच्या ज्या चौघांना कायम करायचं, त्यांची नावं. "आणि हे आपल्या दोघांत राहू द्या. बाहेर फुटलं तर संध्याकाळच्या आत तिकडं कागद बदलून घर त्यांच्या नावावर करतील. फुटलं, तर कुठून फुटलं ते मला शोधावं लागणार नाही."

मी बाहेर आले. मटक्यातलं पाणी प्याले. पुन्हा प्याले. जंगमकाका म्हणाले, "काय गं, आत मिरची खायला घातली का?"

चार वाजता मी ऑफिसातून निघाले. घरी जाते म्हणून निघाले आणि पाय तळ्याकडे वळले.

पुढच्या ओसरीवर नेहमीची गर्दी. मी बाजूच्या बोळातून मागच्या पडवीत गेले. वहिनी चिंचा फोडत बसल्या होत्या. शेजारी टरफलांचा ढीग, दुसरीकडे चिंचोके, आणि आतल्या चुलाण्यावर चहाचं भलंमोठं पातेलं.

"मंदे, ये. बस. ताक घे."

"नको वहिनी, ऑफिसात जायचंय."

"ऑफिस काय पळून चाललंय? बस म्हणते ना."

बसले. उठले. उभ्यानंच ताक प्याले, पातेल्यातला चहा उगीचच ढवळला. परत येऊन बसले.

"पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" वहिनी हसल्या. "घे, चिंचा सोल. हात गुंतले की जीव थाऱ्यावर येतो."

मी चिंच सोलायला घेतली. त्या आपल्याच नादात गुणगुणत होत्या. आईच्या बऱ्याच ओव्या मला येत, ही येत नव्हती.

"माहेर भावाचं गं, सासर दादल्याचं
मधल्या वाटेवरचं, झाड माझ्या मालकीचं"

"ही कुठली वहिनी? आईकडून नाही ऐकली कधी."

"तिला कशी येईल? माझी आहे ही. चहाला उकळी फुटेपर्यंत होते एखादी."

पुढून तात्यासाहेबांचा आवाज चढत गेला. कुणी परगावची मंडळी आली असावीत. "...माझ्या नावावर एक..." वहिनींनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि आवाज न काढता ओठांनी पुढचं पूर्ण केलं, "कौलसुद्धा नाही." मग पातेलं उतरवत म्हणाल्या, "हे वाक्य आलं की चहा बाहेर पाठवायचा. घड्याळ लागत नाही मला."

मला हसू आलं नाही. चिंचेचं टरफल नखात घुसलं होतं.

"वहिनी, हे घर..."

"काय झालं घराला?"

हिरवी फाईल माझ्या डोळ्यांपुढे आली. आईचं औषध आलं. पाठच्या दोन भावांच्या फिया आल्या.

"...गार आहे छान."

वहिनींनी कपात चहा ओतता ओतता वर पाहिलं, छताकडे. "गार आहे खरं. दुसऱ्याचं असलं म्हणून गारव्याला काय त्याचं?"

निघताना त्यांनी चिंचेचा गोळा कागदात बांधून हातात दिला. "आईला दे. सार करायला सांग." मी बोळातून जवळजवळ पळत बाहेर पडले.

सकाळी साहेबांच्या टेबलावर मी चिठ्ठी ठेवली. तिच्यावर नाव होतं. ओळ नव्हती. साहेबांनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक."

दहा वाजता आम्ही बंगल्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा अर्धं गाव तिथं आधीच हजर होतं. हलगी कुठं निघालीय ते बापूंच्या चालीवरूनच लोकांनी ताडलं होतं. समोरच्या रसवंतीवाल्यानं चरक बंद ठेवून बाकडी बाहेर मांडली होती. साहेब जीपला टेकून उभे होते.

बापूंना वाचता येत नसे. त्यांनी माझ्याकडे कान केला. "वाच."

मी वाचलं.

"ही कोन?"

"रजिस्टरात हेच आहे बापू."

"आन् ओळ?"

"सुचली नाही."

बापू माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, त्यामुळे जास्तच टोचलं. "उघडंच न्यायचं म्हंतीस? बरं."

हलगी कडाडली. तळ्यावरचे बगळे उठले.

"ऐका हो ऐका! तळ्याकाठच्या बंगल्याची मालकीण, सौभाग्यवती रत्नप्रभा भगवंतराव इंगवले! अकरा सालाची निम्मी घरपट्टी थकली होऽ!"

गर्दी गोंधळली. सगळे तात्यासाहेबांचं नाव ऐकायला आले होते. "कोण रत्नप्रभा?" "तात्यांची बहीण काय?" आणि रसवंतीच्या बाकड्यावरून एक आवाज आला, "का दुसरं घर केलं तात्यांनी? आम्हाला पेढं न्हाईत मिळालं ते!"

मोठा हशा पिकला. पांघरूण नसलेल्या नावावर पिकतो तसा. मी मान खाली घातली.

दुसऱ्यांदा पुकारलं. तेवढ्यात बोळातून वहिनी आल्या. पुढच्या दारानं नाही, मागून, पडवीतूनच उठून. हात चिंचेनं बरबटलेले, पदर खोचलेला. हशा जागच्या जागी विरला.

"बापू, कुणाचं नाव घेतलं?"

"मला वाचता येत न्हाई वैनी. कागदावर हाय त्ये घेतलं."

"पुन्हा घ्या."

बापूंनी तिसऱ्यांदा पुकारलं. या वेळी हळू, एकेक शब्द सुटा. वहिनी ऐकत होत्या. परगावी, भर बाजारात, आपलं लहानपणचं माणूस दिसावं तसा त्यांचा चेहरा झाला.

मग त्या रसवंतीच्या बाकड्याकडे वळून म्हणाल्या, "रत्नप्रभा म्हणजे मी. पेढं देते नंतर."

तो माणूस उठून उसाच्या मोळीमागे गेला.

आता तात्यासाहेब बाहेर आले. खादीची घडी, पायांत घाईत घातलेल्या वेगवेगळ्या चपला. "काय तमाशा आहे हा? मेढेकर, बाईमाणसाचं नाव रस्त्यावर पुकारता? लाज वाटते का? थांबवा आधी! घर माझं आहे, बोलायचं ते माझ्याशी बोला!"

मागून कुणीतरी अगदी साधेपणानं विचारलं, "तात्या, कौलसुद्धा न्हाई म्हनला हुता न्हवं?"

साहेब पुढे झाले आणि नम्रपणे म्हणाले, "घर आपलं असेल तर ते आमच्या रजिस्टरात आपल्या नावावर दिसायला हवं, आणि ते तिथं नाही. वहिनींचं असेल तर सवलत लागू नाही, घरपट्टी पुरी. आपण सांगाल तसं."

"मेढेकर, अहो, आमदाराचं घर म्हणजे गावाचं घर असतं. ह्या ओसरीवर रोज शंभर कप चहा जातो. तो काय मी माझ्यासाठी पाजतो?"

"तो चहा कोण करतं?" वहिनींनी विचारलं.



"तू आत जा," तात्यासाहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"जाते. फक्त एक सांगा. घर माझं का तुमचं? एकदा ठरवा. तीस वर्षं मला वाटलं तुमचं आहे. आज हलगी म्हणते माझं. मी कुणाचं खरं मानू?"

तात्यासाहेबांनी गर्दीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आपल्या दोन चपलांकडे पाहिलं. "तुझं," ते पुटपुटले.

"मोठ्यानं."

"अगं..."

"हलगीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलंय. तुम्ही पुटपुटला तर हलगी खोटी पडते."

"तुझं आहे! घर तुझं आहे!" ते ओरडले, रागानं. पण बोलून गेले.

वहिनींनी पदर सोडला, हात पुसले आणि साहेबांना विचारलं, "पुरी किती होते?" साहेबांनी आकडा सांगितला. बंगल्याच्या मानानं तो काही मोठा नव्हता. तात्यासाहेबांच्या एका वाढदिवसाचे हार त्याहून महाग पडत.

तात्यासाहेबांनी खिशात हात घातला आणि पी.ए.ला हाक मारली. "घाडगे, चेकबुक आण..."

"तुमचा चेक कशाला?" वहिनी म्हणाल्या. "पट्टी मालकिणीनं भरायची. पण माझ्याकडं कुठले पैसे? तेव्हा असं करा. माझ्या घराच्या ओसरीवर अकरा वर्षं तुमची बैठक भरते. तिचं भाडं द्या. मी पट्टी भरते."

गर्दीला आधी कळलंच नाही. मग रसवंतीवाल्याला कळलं, मग बाकड्यांना, आणि मग जो हशा उठला तो तळ्याच्या पलीकडे गेला असेल. जंगमकाका चष्मा काढून डोळे पुसत होते. "घ्या, देवळानंच देवाला भाडं मागितलं," ते म्हणाले. तात्यासाहेबसुद्धा शेवटी हसले. राजकारणी माणूस, हसण्यावाचून दुसरी वाट नाही हे त्यांना आमच्याआधी कळलं. आतून नोटा आल्या. त्यांनी त्या वहिनींच्या हातात दिल्या, वहिनींनी न मोजता माझ्या हातात दिल्या, आणि मी पावती फाडली. कधी नव्हे तो माझा पेन कागदात रुतत होता.

"वाच," वहिनी म्हणाल्या.

"सौ. रत्नप्रभा भगवंतराव इंगवले. पूर्ण घरपट्टी जमा."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. बापूंनी हलगी खांद्यावरून पुढे घेतली आणि उतरणीचा ठेका धरणार, तोच वहिनींनी हात वर केला.

"राहू द्या बापू. उतरवू नका. इतक्या वर्षांनी चढलंय."

सोनवडच्या इतिहासात पैसे भरूनही न उतरवलेलं ते एकच नाव.

पुढचं सगळं गावाला माहीत आहे. महिन्याभरात तो जुना ठराव रद्द झाला. रद्द करावा ही सूचना तात्यासाहेबांनीच पाठवली, आणि पुढच्या सभेत कौलाच्या जागी नवं वाक्य आलं: "कायदा करणाऱ्यानं पुरी पट्टी भरली पाहिजे!" टाळ्या तेवढ्याच पडल्या. तेव्हापासून आजवर त्या बंगल्याची पट्टी पुरी येते, दर एप्रिलला, पहिल्या तारखेला. वहिनी स्वतः आणून देत. जूनमध्ये मी कायम झाले.

आणि वहिनींनी एक गोष्ट गावभर सांगायला सुरुवात केली. माझ्या आईला सांगितली, माझ्या लग्नात सासूबाईंना सांगितली, पुढे माझ्या लेकीला सांगितली. "ह्या मंदेला आदल्या दिवशीच ठाऊक असणार. रजिस्टर हिच्याच हातात. पण पठ्ठी ताक पिऊन गेली आणि बोलली नाही. का? मला गुपचूप सांगितलं असतं तर रातोरात कागद फिरले असते. सगळ्यांसमोर वाजू दिलं, म्हणून घर माझं राहिलं. ही खरी माझ्या माहेरची."

मी दर वेळी मान खाली घालत असे. लोकांना तो विनय वाटे.

बापूंनी कधी काही विचारलं नाही. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेले होते. बोलणं बंद झालं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाटेवर आडवा पडलेला चादरीचा पदर बोटांनी पायांवर ओढून घेतला. थंडी वाजत असेल त्यांना. तेवढंच असेल. पण मी पाच मिनिटांत उठून आले.

गेल्या महिन्यात मी निवृत्त झाले. पेढे घेऊन बंगल्यावर गेले. तात्यासाहेब जाऊन बरीच वर्षं झाली. ओसरीवर आता गल्लीतल्या मुली अभ्यासाला बसतात. फाटकावर पाटी आहे, त्या पाटीवर एकच नाव. वहिनी पंच्याऐंशीच्या. पडवीत खाटेवर पडल्या होत्या, पुढ्यात सुपात चिंचा, सवय म्हणून. नात शेजारी.

"ही ती," नातीला म्हणाल्या, "हिनंच मला हे घर..."

"माहितेय आजी, ताक पिऊन गेली आणि बोलली नाही," नात हसून उठली आणि चहा टाकायला आत गेली.

वहिनींनी एक चिंच माझ्याकडे सरकवली. मी सोलायला घेतली. हात गुंतले, पण जीव थाऱ्यावर येईना. उठले, बसले.

"अजून भिंगरी आहेच का पायात?" त्या म्हणाल्या. मग, "एक विचारायचं राहिलंय बघ. सगळ्यांच्या दारात बापू ओळ म्हणायचे. माझ्या दारात नुसतं नाव. तेवढं मात्र लागलं होतं गं मला. ते बाकड्यावरचं हसणं. तुला सुचली नव्हती का ओळ?"

चुलाण्याच्या जागी आता गॅस होता. त्याच्यावर चहाला उकळी फुटत होती.

"सुचली होती वहिनी," मी म्हणाले. "तुमचीच ओवी लिहिली होती, मधल्या वाटेवरच्या झाडाची. चिठ्ठी पुरी झाली होती. मग वाटलं, साहेब वाचतील, म्हणतील ही त्यांच्यातली आहे. म्हणून फाडली, दुसरी लिहिली. आणि ताक पिताना मी तुमच्यासाठी गप्प बसले नव्हते. कागद फिरतील हे बोलणं साहेबांचं, माझ्या मनातही नव्हतं. माझं नाव कायमच्या फायलीत होतं. तुम्ही भर रस्त्यात उघड्या पडणार हे मला ठाऊक होतं वहिनी, आणि मी पडू दिलं."